सुकाणू कुणाच्या हातात? नॉर्बर्ट वीनर यांची गोष्ट

पातळी ४ : चरित्र

वाचायच्या आधी

आज दिवसभरात तुम्ही एआय कुठे कुठे वापरलं? अभ्यासाला, फोटोसाठी, की भाषांतरासाठी? त्यामुळे तुमचं कोणतं काम सोपं झालं? तेच काम आधी कुणी माणूस करत होता का? यावर वर्गात दोन-तीन मिनिटं बोला आणि मग पाठ वाचा. अवघड शब्दांचे अर्थ पाठाच्या शेवटी दिले आहेत.

जुनाच प्रश्न

हल्ली सगळीकडे एआयची, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा चालू असते. कुणाला वाटतं, आता आजार लवकर कळतील, कंटाळवाणी कामं यंत्रं करतील. कुणाला भीती वाटते की नोकऱ्या जातील, युद्धं आणखी भयंकर होतील. ऐकताना वाटतं, हे सगळं आत्ताच सुरू झालंय. पण तसं नाही. सुमारे ७५ वर्षांपूर्वी एका अमेरिकन गणितज्ञाने हेच प्रश्न विचारले होते. आणि गंमत म्हणजे, तो काही यंत्रांचा शत्रू नव्हता. स्वतःहून निर्णय घेणाऱ्या यंत्रांचा पाया ज्यांनी घातला, त्यांच्यापैकीच तो एक होता. त्यांचं नाव नॉर्बर्ट वीनर.

कानाने गणित शिकलेला मुलगा

नॉर्बर्टचा जन्म २६ नोव्हेंबर १८९४ रोजी अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, कोलंबिया या गावी झाला. त्याचे वडील लिओ वीनर ज्यू होते. आज पोलंडमध्ये असलेल्या बियालिस्टोक शहरात त्यांचा जन्म झाला होता. तरुणपणी ते अमेरिकेत आले. त्यांना कितीतरी भाषा येत असत. पुढे ते हार्वर्ड विद्यापीठात स्लाव्ह भाषांचे प्राध्यापक झाले. टॉलस्टॉय या मोठ्या रशियन लेखकाची पुस्तकं त्यांनी इंग्रजीत आणली.

लिओ यांनी ठरवलं, आपल्या मुलाला आपणच शिकवायचं. घरीच धडे सुरू झाले. मुलगा हुशार होता, पण वडील फार कडक होते. उत्तर चुकलं की त्यांचा आवाज चढायचा. नॉर्बर्ट कधी कधी रडकुंडीला यायचा.

आठव्या वर्षी नॉर्बर्टचे डोळे खूप खराब झाले. सहा महिने काहीही वाचायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. पण वडिलांनी शिकवणं काही थांबवलं नाही. आता सगळा अभ्यास तोंडी सुरू झाला. मुलगा ऐकायचा आणि गणितं डोक्यातल्या डोक्यात सोडवायचा. कागद-पेन्सिल नाहीच!

नवव्या वर्षी तो हायस्कूलमध्ये गेला. अकराव्या वर्षी कॉलेजात, चौदाव्या वर्षी पदवी, आणि अठराव्या वर्षी हार्वर्डची डॉक्टरेट! वर्तमानपत्रांत त्याच्याबद्दल छापून यायचं. लोकांना कौतुक वाटायचं. नॉर्बर्टला मात्र एक गोष्ट फार लागली. माझा मुलगा काही जन्मतः वेगळा नाही, माझ्या शिकवण्यामुळे तो इतका पुढे गेला, असं वडील जाहीरपणे सांगायचे. यावर मुलाच्या मनात आलं की जिंकलो तर श्रेय बाबांचं आणि हरलो तर दोष माझा. मोठेपणी त्याने आपल्या आत्मचरित्रात हे सगळं मोकळेपणाने लिहिलं. दुसऱ्याच्या प्रयोगातली एक वस्तू होऊन जगणं कसं असतं, हे त्याला लहानपणीच कळलं होतं.

एमआयटीचे प्रोफेसर

डॉक्टरेटनंतर वीनर इंग्लंडमध्ये केंब्रिजला आणि जर्मनीत गटिंगेनला शिकले. परत आल्यावर काही वर्षं त्यांचा जम बसेना. कधी विश्वकोशासाठी लेख लिहिले, कधी वर्तमानपत्रात काम केलं. शेवटी १९१९ साली त्यांना एमआयटी या प्रसिद्ध संस्थेत गणित शिकवायची नोकरी मिळाली. मग आयुष्यभर ते तिथेच राहिले.

परागकणातून पाण्यात बाहेर पडलेला अगदी बारीक कण सूक्ष्मदर्शकातून पाहिला तर तो वेडावाकडा हलताना दिसतो. पुढच्या क्षणी तो कुठे जाईल, ते सांगता येत नाही. अशा बेभरवशाच्या हालचालीचं पक्कं गणित वीनर यांनी मांडलं. आज शेअर बाजाराचा अभ्यास करणारेसुद्धा ते गणित वापरतात.

बुटके, गोल चेहऱ्याचे, दाढी ठेवणारे, जाड भिंगांचा चष्मा लावणारे वीनर एमआयटीच्या लांबलचक व्हरांड्यांतून फिरत असायचे. समोर जो भेटेल त्याला ते आपली नवी कल्पना ऐकवायचे. त्यांच्या विसरभोळेपणाचे किस्से अजूनही सांगितले जातात. खरे किती आणि रचलेले किती, ते सोडून द्या!

विमान, तोफ आणि अंदाज

१९४० साली, दुसऱ्या महायुद्धात, जर्मन विमानं लंडनवर बॉम्ब टाकत होती. जमिनीवरून तोफ डागून विमान पाडणं फार अवघड होतं. कारण तोफेचा गोळा वर पोहोचेपर्यंत विमान पुढे निघून गेलेलं असायचं. म्हणून विमान आत्ता कुठे आहे हे पाहून चालायचं नाही. काही सेकंदांनी ते कुठे असेल, याचा अंदाज घेऊन तिथे नेम धरावा लागायचा.

हा अंदाज यंत्राला करता येईल का? वीनर आणि ज्युलियन बिगेलो नावाचे इंजिनिअर या कामाला लागले. विमानाचा आधीचा रस्ता पाहून पुढचा रस्ता ओळखायचा, चूक झाली तर लगेच सुधारायची, असं गणित त्यांनी तयार केलं. त्यांचं यंत्र प्रत्यक्ष युद्धात काही वापरलं गेलं नाही. पण गणित टिकलं. आवाजातली खरखर काढायला, अस्पष्ट फोटो स्वच्छ करायला ते आजही उपयोगी पडतं.

या कामातून एक मोठी कल्पना पुढे आली. तिला म्हणतात फीडबॅक. तुम्ही सायकल चालवता तेव्हा काय होतं? सायकल डावीकडे कलली की तुम्हाला ते जाणवतं आणि तुम्ही तोल सावरता. घरातला एसी काय करतो? खोली हवी तेवढी थंड झाली की थांबतो, गरम झाली की पुन्हा सुरू होतो. म्हणजे काहीतरी करायचं, परिणाम बघायचा आणि त्याप्रमाणे पुढचं ठरवायचं. हाच फीडबॅक.

वीनर यांचे एक जवळचे मित्र होते, मेक्सिकोचे डॉक्टर आर्तुरो रोझेनब्ल्यूथ. वीनर आणि बिगेलो यांनी त्यांना विचारलं, माणसाच्या शरीरात हा फीडबॅक बिघडला तर काय होत असेल? डॉक्टरांनी सांगितलं की असे रुग्ण असतात. मेंदूच्या एका भागाला इजा झाली, की पेन्सिल उचलायला गेलेला हात जोरजोरात मागेपुढे हलत राहतो. नीट न जुळवलेलं यंत्रही अगदी असंच थरथरतं! शरीर आणि यंत्र यांच्यात काहीतरी सारखं आहे, अशी वीनर यांची खात्री पटली.

१९४८ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिलं आणि या नव्या शास्त्राला नाव दिलं सायबरनेटिक्स. ग्रीक भाषेत जहाजाचं सुकाणू धरणाऱ्याला जो शब्द आहे, त्यावरून त्यांनी हे नाव घेतलं. पुस्तकात बरंच गणित होतं, तरी ते भराभर खपलं. आज आपण सायबर गुन्हे, सायबर सुरक्षा असे शब्द वापरतो. तो सायबर इथूनच आला.

पहिला प्रश्न : माझा शोध कुणाला द्यायचा?

ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकी या जपानी शहरांवर अणुबॉम्ब पडले. वीनर यांनी अणुबॉम्बवर काम केलेलं नव्हतं. पण या बातमीने ते हादरून गेले. शोध लावायचा आणि त्याचं पुढे काय होतं तिकडे बघायचंच नाही, हे त्यांना पटेना.

पुढे त्यांच्यावरच तशी वेळ आली. एका विमान कंपनीतल्या शास्त्रज्ञाचं त्यांना पत्र आलं. कंपनी क्षेपणास्त्रांवर काम करत होती. वीनर यांनी युद्धाच्या काळात लिहिलेला एक लेख त्यांना हवा होता. वीनर यांनी नकार दिला. नुसता नकार दिला नाही, तर आपलं उत्तर जानेवारी १९४७ मध्ये एका नावाजलेल्या मासिकात छापायला दिलं. त्यांचं म्हणणं असं होतं : युद्ध चालू असताना देशाला मदत करणं वेगळं. पण आता ही शस्त्रं सामान्य लोकांना मारण्यासाठीच वापरली जातील. ती कशी वापरायची, हे शास्त्रज्ञाच्या हातात राहत नाही. मग निदान आपलं ज्ञान कुणाला द्यायचं, हे तरी त्याने ठरवायला हवं.

यापुढे त्यांनी लष्कराकडून कामासाठी पैसे घेतले नाहीत. हे सोपं नव्हतं. त्या काळी अमेरिकेत संगणकावरचं बरंचसं काम लष्कराच्या पैशावर चालायचं. एमआयटीतही आजूबाजूला मोठमोठे प्रकल्प उभे राहत होते. वीनर त्यांच्यापासून लांब राहिले.

त्यांच्या नकाराने काय साधलं? त्यांचा तो लेख सरकारच्या मालकीचा होता. कंपनीला तो सरकारकडे मागता येईल, हे वीनर यांनी त्याच पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे क्षेपणास्त्रं थांबणार नव्हती, हे त्यांना माहीत होतं. मग हा नकार वाया गेला का? काही जणांना तसं वाटलं. पण या पत्रामुळे एक गोष्ट घडली. शास्त्रज्ञाची जबाबदारी कुठे संपते, या प्रश्नावर लोक उघडपणे बोलायला लागले.

दुसरा प्रश्न : गप्प बसलो तर?

वीनर यांना दुसरी काळजी होती ती कामगारांची. त्यांचा विचार असा होता : पहिल्या औद्योगिक क्रांतीत वाफेच्या यंत्रांनी माणसाच्या हातांची किंमत कमी केली. आता नवी यंत्रं माणसाच्या मेंदूची किंमत कमी करतील, निदान साध्या, ठरावीक कामांपुरती तरी. ही यंत्रं गुलामांसारखी आहेत. त्यांना पगार नको, सुट्टी नको. आणि गुलामाशी स्पर्धा करायची वेळ आली, की माणसालाही गुलामासारखंच काम करावं लागतं.

याच सुमारास एका मोठ्या उद्योगाने स्वयंचलित यंत्रांसाठी त्यांचा सल्ला मागितला. आता काय करायचं? सल्ला दिला तर कामगारांचं नुकसान होईल. नाही दिला तर? मग ते काम दुसरं कुणीतरी करेल, आणि त्या माणसाला कामगारांची फिकीर असेलच असं नाही. म्हणजे नुसतं बाजूला होऊनही भागत नव्हतं.

वीनर यांनी तिसरा रस्ता शोधला. ऑगस्ट १९४९ मध्ये त्यांनी वॉल्टर रूथर यांना पत्र लिहिलं. रूथर हे अमेरिकेतल्या मोटार कामगारांच्या मोठ्या संघटनेचे अध्यक्ष होते. वीनर यांनी त्यांना सावध केलं : दहा-वीस वर्षांत असे कारखाने येतील की ज्यांत जवळजवळ माणसंच लागणार नाहीत. तेव्हा संघटनेने आत्ताच विचार करावा. या यंत्रांचा फायदा कामगारांनाही मिळेल अशी व्यवस्था आधीच करावी. या कामी मी तुमच्या बाजूने उभा राहीन, असंही त्यांनी कळवलं. रूथर यांनी लगेच तार करून उत्तर दिलं. त्यांना हा विषय महत्त्वाचा वाटला होता.

जरा विचार करा. जगातल्या मोठ्या गणितज्ञांपैकी एक, आणि यंत्रांबद्दल बोलायला तो कारखान्याच्या मालकांकडे न जाता कामगारांकडे गेला. ज्यांच्यावर परिणाम होणार, त्यांना आधी विचारायला हवं, असं त्याला वाटत होतं.

तराजूचं दुसरं पारडं

इथपर्यंत वाचून वाटेल, वीनर यांना यंत्रं नकोशीच होती. पण तसं अजिबात नाही. कंटाळवाणं, तेच ते काम दिवसभर करायला लावणं हा माणसाचा अपमान आहे, असं ते मानायचे. असं काम यंत्राने केलं तर त्यांना ते हवंच होतं. १९५० साली त्यांनी सर्वसामान्य वाचकांसाठी एक पुस्तक लिहिलं. माणसांचा वापर माणसांसारखा करा, यंत्राच्या सुट्या भागांसारखा नको, हा त्या पुस्तकाचा गाभा आहे.

त्यांनी स्वतःही माणसाला मदत करणाऱ्या यंत्रांवर काम केलं. ऐकू न येणाऱ्या लोकांसाठी एमआयटीत एक उपकरण तयार होत होतं. त्यात बोलण्याचा आवाज पाच भागांत विभागला जायचा आणि प्रत्येक भाग एकेका बोटाला थरथरीतून जाणवायचा. म्हणजे शब्द कानाने नाही, बोटांनी ऐकायचे! हेलन केलर यांना ना दिसत होतं, ना ऐकू येत होतं. त्यांनीही हे उपकरण वापरून पाहिलं. ते रोजच्या वापरात काही येऊ शकलं नाही. पण एका इंद्रियाचं काम दुसऱ्याकडून करून घेता येईल का, या प्रश्नावर पुढेही संशोधन होत राहिलं.

१९६१ साली वीनर पडले आणि त्यांचं हाड मोडलं. ते हॉस्पिटलमध्ये होते. तिथेही त्यांचं डोकं काही स्वस्थ बसेना. हात गमावलेल्या माणसाच्या उरलेल्या स्नायूंमध्ये विजेचे बारीक संकेत असतात. त्या संकेतांवर चालणारा कृत्रिम हात का बनवू नये? डॉक्टरांशी ही चर्चा झाली आणि त्यातून पुढे असा हात खरंच तयार झाला. त्याला बोस्टन आर्म म्हणतात.

गणित तेच आणि फीडबॅकही तोच. एकीकडे त्यातून क्षेपणास्त्र नेम धरतं, दुसरीकडे हात नसलेला माणूस पेला उचलतो.

कोलकाता आणि मुंबईचे मसानी

वीनर यांचा भारताशीही संबंध आला. १९५५-५६ मध्ये ते काही महिने कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत पाहुणे प्राध्यापक होते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी ही संस्था सुरू केली होती. त्या वेळी देशाच्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचं काम चालू होतं. कारखाने कसे उभारायचे, हा सगळ्यांपुढचा प्रश्न होता.

इंग्लंडमध्ये कारखाने आले तेव्हा मँचेस्टरसारख्या शहरांत कामगारांचे फार हाल झाले. भारताने त्याच रस्त्याने जायला हवं असं नाही, असं वीनर यांना वाटायचं. नवी यंत्रं नीट वापरली तर ते हाल टाळता येतील. पण त्यासाठी कुशल तंत्रज्ञ तयार करावे लागतील, नाहीतर यंत्रं नुसती पडून राहतील.

कोलकात्यात त्यांच्याबरोबर काम करत होते पेसी मसानी. मसानींचा जन्म मुंबईचा, आणि तेव्हा ते मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गणित शिकवत होते. दोघांनी मिळून अंदाजाच्या गणितावर महत्त्वाचे लेख लिहिले. वीनर गेल्यावर त्यांचं सगळं गणिती लेखन मसानींनी चार खंडांत संपादित केलं आणि त्यांचं चरित्रही लिहिलं.

माकडाचा पंजा

१९५०च्या दशकात आर्थर सॅम्युअल नावाच्या इंजिनिअरने संगणकाला चेकर्स हा पटावरचा खेळ शिकवला. संगणक खेळता खेळता सुधारत गेला. शेवटी तो आपल्या गुरूलाच हरवू लागला! वीनर यांनी यावर १९६० साली एक लेख लिहिला. यंत्र आपल्यापेक्षा फार भराभर काम करतं. ते चुकतंय हे आपल्याला कळेपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असेल. म्हणून यंत्राला जे करायला सांगतो, तेच आपल्याला खरोखर हवं आहे का, याची आधी खात्री करून घ्या, असा त्यांचा इशारा होता.

सॅम्युअल यांना हे पटलं नाही. त्यांनीही लेखातून उत्तर दिलं. त्यांच्या मते यंत्राला स्वतःची इच्छा नसते. माणूस सांगेल तेच ते करतं, मग भीती कसली? वीनर यांना मात्र भीती त्याचीच होती. यंत्र आपण सांगितलं तेच करतं. आपल्या मनात काय होतं, ते त्याला कळत नाही.

हे समजावताना वीनर एक इंग्रजी कथा सांगायचे. एका म्हाताऱ्या जोडप्याला माकडाचा एक वाळलेला पंजा मिळतो. तो तीन इच्छा पूर्ण करतो. नवरा मागतो, दोनशे पौंड मिळू देत. दुसऱ्या दिवशी कारखान्यातला माणूस दारात येतो. त्यांचा मुलगा यंत्रात सापडून मेलेला असतो, आणि कंपनीने भरपाई पाठवलेली असते, बरोब्बर दोनशे पौंड. मागितलं ते मिळालं. पण असं नको होतं, हे मागताना कुठे सांगितलं होतं?

आपल्याकडे भस्मासुराची गोष्ट आहे. ज्याच्या डोक्यावर हात ठेवेन तो भस्म होऊ दे, असा वर त्याने शंकराकडे मागितला. शंकराने तो दिला. आणि भस्मासुर पहिल्यांदा धावला तो शंकराच्याच मागे! वीनर यांनी उदाहरणं घेतली ती युरोपातली, अरबस्तानातली आणि ज्यू लोकांमधली. पण वर देताना नीट विचार करा, हे आपल्या आजीच्या गोष्टींतही आहेच.

काय खरं ठरलं, काय नाही?

वीनर यांचं सगळंच बरोबर ठरलं असं नाही. स्वयंचलित कारखाने आले की भयंकर बेकारी येईल, १९३०च्या दशकातल्या मंदीपेक्षाही वाईट, असं त्यांना वाटत होतं. त्यांनी सांगितलेल्या काळात तसं झालं नाही. काही कामं गेली, काही नवी आली. पण ज्याचं काम गेलं त्यालाच नवं काम मिळालं, असंही नेहमी झालं नाही.

त्यांची दुसरी भीती मात्र आज जास्त जवळची वाटते. लोकांनी जास्तीत जास्त वेळ व्हिडिओ बघावेत, असं एखाद्या प्रोग्रॅमला सांगितलं, तर तो तेच करेल. मुलांची झोप उडाली तरी त्याला काय? तसं होऊ देऊ नकोस, असं त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

जानेवारी १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या हस्ते वीनर यांना अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १८ मार्च १९६४ रोजी, स्वीडनमध्ये स्टॉकहोम इथे त्यांचं निधन झालं. ते ६९ वर्षांचे होते. त्यांचं शेवटचं छोटं पुस्तक त्याच वर्षी आलं. त्यात गोलेमची आठवण आहे. ज्यू दंतकथेतला गोलेम म्हणजे मातीचा पुतळा. धर्मगुरू त्यात जीव घालतो आणि तो सांगितलेली कामं करू लागतो. या पुस्तकाला १९६५ साली अमेरिकेचा राष्ट्रीय पुस्तक पुरस्कार मिळाला.

यंत्रं चांगली की वाईट, असा प्रश्न वीनर यांनी कधी विचारला नाही. त्यांचे प्रश्न वेगळे होते. यंत्राला काम कोण सांगतंय? फायदा कुणाला होणार आणि किंमत कोण मोजणार? चूक झाली तर थांबवता येईल का? जहाज कितीही वेगाने जाऊ दे, सुकाणू धरणाऱ्याने झोपून चालत नाही.

शब्दार्थ

सुकाणू : जहाजाची दिशा बदलायचं साधन
गणितज्ञ : गणितावर संशोधन करणारी व्यक्ती
रडकुंडीला येणे : आता रडू येईल असं होणे
जम बसणे : कामात किंवा जागेत स्थिर होणे
बेभरवशाचा : ज्याच्यावर विसंबून राहता येत नाही असा
क्षेपणास्त्र : दूरवर जाऊन नेमक्या जागी पडणारं शस्त्र
स्वयंचलित : आपोआप चालणारं
फिकीर : काळजी
तार : पूर्वी विजेच्या तारेवरून पाठवायचा छोटा, तातडीचा निरोप
पारडं : तराजूची एक बाजू
बेकारी : काम न मिळण्याची स्थिती
वर : देवाने दिलेलं वरदान

समजलं का?

१. नॉर्बर्ट सहा महिने अभ्यास कसा करत होता? का?
२. फीडबॅक म्हणजे काय? पाठात नसलेलं एक उदाहरण द्या.
३. विमान कंपनीला वीनर यांनी लेख का दिला नाही?
४. वीनर यांनी कामगार संघटनेला पत्र का लिहिलं?
५. सॅम्युअल आणि वीनर यांच्या मतांत काय फरक होता?

बोला

दोन गट करा. एका गटाने म्हणावं, वीनर यांच्या नकाराने काहीच बदललं नाही. दुसऱ्या गटाने म्हणावं, तो नकार गरजेचा होता. प्रत्येक गटाने पाठातली निदान दोन कारणं द्यावीत. मग गट बदला आणि उलट बाजू मांडा.

लिहा

तुमच्या शाळेत गृहपाठ तपासायला एआय येणार आहे, असं समजा. शेवटच्या परिच्छेदातले वीनर यांचे प्रश्न त्याला लावून पाहा. फायदे आणि धोके यांच्यावर १०-१२ वाक्यं लिहा. हवं तर आधी घरी आई-बाबांशी किंवा आजी-आजोबांशी बोला. त्यांच्या कामात यंत्रांमुळे काय बदललं, तेही विचारा.